मागचा ब्रेक धरतोय? आधी निदान, मग बिल

गॅरेजमधून बाहेर ढकलताना गाडी नेहमीपेक्षा जड लागते. हायवेवर वीस-पंचवीस मैल मारून गॅस भरायला थांबलात की मागच्या चाकापाशी जळका वास येतो. मायलेजही उतरलेलं असतं, पण ते समोरच्या वाऱ्याच्या नावावर खपवलेलं असतं. ही तीन लक्षणं एकत्र आली की मागचा ब्रेक धरतोय असं समजायला हरकत नाही. पुण्या-नाशकात अशी गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे लावली की तो तिथल्या तिथे कॅलिपर खोलतो आणि काहीशे रुपयांत काम उरकतं. अमेरिकेत तोच कॅलिपर खोलायला तासाला शंभर ते पावणेदोनशे डॉलर मोजावे लागतात, आणि मेकॅनिकने चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली तर पैसे जाऊन वास कायम राहतो. या दुरुस्तीत पैसे वाचतात ते स्वस्त पॅड शोधून वाचत नाहीत. बिघाड नेमका कुठल्या टोकाला आहे हे आधी कळलं तर वाचतात.

आधी फुकटचं काम

हँडलखाली, स्टिअरिंग हेडवर १७ अक्षरं-आकड्यांचा व्हीआयएन कोरलेला असतो. नोंदणीपत्रावर आणि विम्याच्या कार्डावरही तो असतो. एनएचटीएसए या केंद्र सरकारच्या रस्तासुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकला की तुमच्या गाडीचा एखादा रिकॉल करायचा राहिला आहे का, हे मिनिटभरात कळतं. रिकॉलचं काम डीलरने मोफत करून द्यायचं असतं, मग गाडी तुम्ही तिसऱ्या हातून घेतलेली का असेना. रिकॉल निघण्याच्या थोडं आधी तुम्ही तेच काम पैसे देऊन करून घेतलं असेल, तर पावती दाखवून कंपनीकडे परतावाही मागता येतो. पावत्या फाइलला लावायची आपली सवय इथे कामी येते.

मागचा ब्रेक धरण्यावरून अमेरिकेत गाजलेलं उदाहरण होंडाच्या गोल्ड विंगचं, म्हणजे जीएल १८०० चं. डिसेंबर २०११ मध्ये होंडाने २००१ ते २०१० आणि २०१२ या मॉडेल-वर्षांच्या सुमारे १ लाख २६ हजार गाड्या परत बोलावल्या. (२०११ चं मॉडेल यादीत नाही, कारण ते आलंच नाही, ओहायोतल्या मेरिसव्हिलचं उत्पादन बंद होऊन ते जपानच्या कुमामोतोला हलवलं जात होतं.) या गाडीत पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांना जोडलेले आहेत. पुढचा ब्रेक दाबला की डाव्या फोर्कवरचा कॅलिपर डिस्कबरोबर किंचित पुढे ओढला जातो, तो तिथल्या दुय्यम मास्टर सिलिंडरला दाबतो आणि तो दाब मागच्या चाकापर्यंत जातो. ब्रेक सोडल्यावर दाब पुरता उतरला नाही की मागचे पॅड डिस्कला धरून राहतात. तशीच गाडी हाकत राहिलं तर मागचा ब्रेक पेट घेण्याइतका तापू शकतो, असा इशारा रिकॉलमध्ये दिला होता. २०१४ मध्ये व्याप्ती वाढवून, गोल्ड विंगचाच प्रकार असलेली २०१३ ची एफ६बी धरून, पुन्हा रिकॉल निघाला. जुनी गोल्ड विंग घेणाऱ्याने म्हणूनच विचारायचं ते एवढंच: दुय्यम मास्टर सिलिंडर बदलला आहे का, आणि त्याचा कागद कुठे आहे? मागे गडबड आणि दोषी भाग पुढच्या फोर्कवर, हे माहीत नसलेला मेकॅनिक मागचा कॅलिपर दोनदा बदलेल.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त ओळखीचं. डिसेंबर २०२० मध्ये रॉयल एन्फिल्डने इंटरसेप्टर, कॉन्टिनेन्टल जीटी आणि हिमालयन मिळून सुमारे १५,२०० गाड्या ब्रेक कॅलिपरसाठी परत बोलावल्या. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने कॅलिपरच्या आत, पिस्टन बसतो त्या भागात गंज चढत होता. त्याने आवाज येई, ब्रेक धरून राही, आणि काही गाड्यांत ब्रेकचा जोरही उतरे. ती मोहीम ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियासाठी होती. मीठ मात्र न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगनच्या रस्त्यांवरही पडतं. इथे विकली जाणारी केटीएम ३९० ड्यूक चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनते आणि तिचे बायब्रे ब्रेक म्हणजे ब्रेम्बोचाच भारतातला ब्रँड. चाकणच्या पावसात टिकणारा कॅलिपर शिकागोच्या मार्चमध्ये टिकेलच असं नाही. नोव्हेंबरात न धुता, मिठासकट झाकून ठेवलेली गाडी एप्रिलमध्ये ब्रेक धरूनच बाहेर येते.

थंड गाडी, गरम गाडी

रिकॉल नसेल तर आता पाना काढायचा; त्यातही पहिली पायरी बिनपान्याची आहे. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज आला आणि चाक एक-दीड फेरा फिरून थांबलं तर ते ठीक आहे. डिस्क ब्रेकचे पॅड डिस्कपासून केसाइतकेच लांब राहतात, त्यामुळे थोडं घासणं चालायचंच. शिवाय चेन आणि गिअरबॉक्समधलं ऑइलही चाकाला ओढतं. शंका असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो डिस्कवरून बाजूला करा आणि चाक पुन्हा फिरवा. तरीही जडच असेल तर ब्रेकला दोष देऊ नका. चेन फार ताणलेली असेल किंवा बेअरिंग गेलेलं असेल. (कॅलिपर बाजूला असताना पेडल चुकूनही दाबू नका. पिस्टन बाहेर येईल आणि दुपार जाईल.)

थंड गाडीवर दोष दिसला नाही म्हणजे तो नाही असं मात्र नव्हे. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनियासारख्या राज्यांत दुचाकीची दरवर्षी तपासणी होते, पण ती थंड, उभ्या गाडीवर होते. गरम झाल्यावरच धरणारा ब्रेक तिथे सहज पास होतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटांची एक फेरी मारा, आणि तीही मागचा ब्रेक अजिबात न वापरता. रहदारी नसलेला सपाट रस्ता निवडा. फेरीत बुटाचं टोक पेडलवर टेकत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. क्रूझर चालवणारे कित्येक जण नकळत पेडलवर पाय ठेवूनच मैलोन् मैल जातात. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च शून्य.

परत आल्यावर डिस्कला हात लावायचा नाही. पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र झालं तर निदानाचा अर्धा भाग झाला. वीस-तीस डॉलरचा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण तो चकचकीत स्टीलवर खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. तो कॅलिपरच्या काळ्या अंगावर धरा. ज्या ब्रेकला फेरीभर हातही लावला नाही, तो फार तर कोमट असायला हवा.

आता मुख्य चाचणी. हिच्यासाठी चाक गरम आणि अडकलेलंच हवं, म्हणून थंड व्हायची वाट पाहू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. कॅलिपरवरच्या, हवा काढायच्या निपलचं रबरी टोपण काढा, त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा, आणि निपल पाव आटा सैल करा. दोनच गोष्टी घडू शकतात. पहिली: ब्रेक ऑइलची छोटी पिचकारी नळीत उडते आणि चाक एकदम मोकळं होतं. म्हणजे कॅलिपर निर्दोष आहे; दाब वर कुठेतरी कोंडला आहे. दुसरी: ऑइल नुसतं झिरपतं आणि चाक तसंच घट्ट राहतं. मग दाबाचा प्रश्नच नाही. कॅलिपर आतून अडकला आहे. निपल लगेच घट्ट करा, टाकीवर ऑइल सांडलं असेल तर पाण्याने धुवा, नाहीतर रंग जाईल. आणि पेडल पुन्हा कडक लागल्याशिवाय गाडी हलवू नका.

दहा मिनिटांच्या या चाचणीने बिल दोन वेगळ्या रस्त्यांना लागतं. दुकानात ती कुणी करेलच असं गृहीत धरू नका. "गरम असताना निपल उघडून पाहिलं का?" हा प्रश्न विचारून बघा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं दुकान शोधा.

दाब कोंडला असेल तर

सर्वांत आधी पेडलचा खेळ बघा. पेडल बोटाने दाबल्यावर पहिले काही मिलिमीटर ते सैल हललं पाहिजे. हा खेळ नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल डबीत परत जाण्याचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. गाडी चालते, ऑइल तापतं, फुगतं, त्याला जायला जागा नसते, ते पॅड दाबतं, पॅड आणखी तापतात. या चक्रात सापडलेलं चाक शेवटी रस्त्यात जागीच बसतं. फूटपेगची उंची बदलून घेतल्यावर, पेडल वर उचलल्यावर हा दोष हमखास येतो. उपाय म्हणजे पुशरॉडचा नट दोन पान्यांनी फिरवणं. स्वतः केलं तर फुकट, दुकानात अर्ध्या तासाची मजुरी, म्हणजे पन्नास ते नव्वद डॉलर.

खेळ बरोबर असेल तर तेच छिद्र कचऱ्याने बुजलेलं असू शकतं. डबीचं झाकण उघडा. ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल आणि तळाशी काळा गाळ असेल तर आधी ऑइल बदलून पाहा. डॉट ४ ची बाटली दहा-पंधरा डॉलरला मिळते. दुकान एका सर्किटचं ऑइल बदलून हवा काढायला साधारण शंभर ते दीडशे घेतं. एवढ्याने भागलं नाही तर मास्टर सिलिंडरचा सील-किट, चाळीस ते ऐंशी डॉलर आणि सव्वा ते दीड तासाची मजुरी. नवा मास्टर सिलिंडर गाडीप्रमाणे शंभर ते अडीचशेचा. नवे पॅड घालताना डबी काठोकाठ भरलेली असली तरी हाच त्रास होतो, आणि तेव्हा सिरिंजने थोडं ऑइल काढलं की संपलं.

पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीत संशय रबरी होजवर घ्या. बाहेरून धड दिसणारा होज आतून फुगतो, ऑइल पुढे जाऊ देतो आणि मागे येऊ देत नाही. ओळखायची रीत अशी: गरम आणि अडकलेल्या अवस्थेत मास्टर सिलिंडरपाशी होजचा बोल्ट किंचित सैल करा. तिथे दाब सुटून चाक मोकळं झालं तर होज चांगला आणि दोष मास्टर सिलिंडरचा. तिथे सुटलं नाही पण खाली निपलला सुटलं, तर होज गेला. स्टीलची जाळी असलेला नवा होज पन्नास ते शंभर डॉलरला येतो, मजुरी एक तास. बोल्टाखालच्या तांब्याच्या वॉशर नव्याच घाला. दोन डॉलरसाठी गळती ओढवून घेऊ नये.

कॅलिपर अडकला असेल तर

बहुतेक दुचाक्यांचा मागचा कॅलिपर एका बाजूच्या पिस्टनचा आणि दोन पिनांवर सरकणारा असतो. पिना कोरड्या पडल्या की तो सरकत नाही आणि एकच पॅड झिजतो. आतला पॅड कागदाएवढा आणि बाहेरचा जवळजवळ नवा दिसला, की कारण बहुतेक पिनांतच असतं. सिलिकॉन ग्रीसची पुडी पाच डॉलरची. साधं चेसिस ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात.

पिना ठीक असतील तर पिस्टन. तो बाहेर काढून त्याची चौकोनी सील खाचेतून उचला आणि खाचेत बॅटरी मारा. मिठाच्या प्रदेशातल्या गाडीत तिथे खडीसाखरेसारखा पांढरा, कडक थर जमलेला दिसेल. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे ओढण्याचं काम ही सीलच करते, आणि हा थर तिला मागून ढकलून पिस्टनवर आवळतो. नुसती नवी सील घातली तर तीही आवळली जाते. थर दातांच्या डॉक्टरसारख्या बारीक हुकाने, अॅल्युमिनिअमला चरा न पाडता, सगळा काढावा लागतो. कंटाळवाणं काम आहे आणि घाईच्या दुकानात ते टाळलं जातं. बिलावर 'सील बदलल्या' एवढंच असेल तर खाच साफ केली का हे विचाराच. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र तो बदलण्याला पर्याय नाही.

तासाला ११० डॉलर घेणाऱ्या छोट्या स्वतंत्र दुकानातलं बिल साधारण असं बसतं: निदानाचा अर्धा तास ५५, कॅलिपर खोलून साफ करून बसवायला दीड तास १६५, सील-किट ३५, ऑइल १२, आणि पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर नवे पॅड ४५. झाले ३१२. वर दुकानाचा किरकोळ सामानाचा आकार आणि विक्रीकर. न्यू जर्सीत आणि न्यू यॉर्कमध्ये मजुरीवरही कर लागतो, कॅलिफोर्नियात वेगळ्या दाखवलेल्या दुरुस्ती-मजुरीवर नाही, ओरेगनमध्ये विक्रीकरच नाही. डीलरकडे हेच काम चारशेच्या पुढे जातं, आणि तिथे सील बदलण्यापेक्षा अख्खा कॅलिपर बदलण्याकडे कल असतो: दोनशे ते साडेचारशेचा भाग, वर मजुरी. कॅलिपरला आत खोल गंज असेल तर तो सल्ला योग्य, एरवी महाग.

सर्वांत वाईट बिल मात्र पॅड आणि डिस्कचं. वास येतो, डिस्क निळी पडली आहे, म्हणून दोन्ही बदलतात. साडेचारशे डॉलर जातात, पहिला आठवडा बरा जातो, आणि मास्टर सिलिंडरमधलं छिद्र बुजलेलंच असल्यामुळे नवी डिस्कही निळी पडते.

रिबेल २५०, सुझुकी टीयू२५०एक्स अशा जुन्या, शिकाऊ लोकांच्या आवडत्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो. तिथे पहिला प्रश्न: नुकतीच चेन ताणली का? चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉडही ताणला जातो, आणि त्याचा नट दोन आटे सैल करायचा राहून जातो. त्याला पैसे पडत नाहीत.

दुकानाशी बोलताना

'ब्रेक धरतोय, दुरुस्त करा' असं सांगून चावी देऊ नका. निदानाचे वेगळे पैसे किती, काम तिथेच केलं तर ते बिलातून वजा होतात का, आणि निदानानंतर तुमच्या होकाराशिवाय पुढे काही खोलणार नाहीत ना, हे आधी ठरवा. कॅलिफोर्नियात दुरुस्तीआधी लेखी अंदाजपत्रक देणं दुकानाला कायद्याने बंधनकारक आहे आणि काम सुरू होण्याआधी सांगितलं तर काढलेले भाग परत मिळतात. इतर राज्यांतही दोन्ही मागा. चांगलं दुकान नाही म्हणत नाही. स्वतंत्र दुकानात काम केलं म्हणून वॉरंटी रद्द होईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने केवळ तेवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुकानांत रांग असते. जानेवारीत गेलात तर वेळही मिळतो आणि भावही थोडा नरम असतो.

घरी करणार असाल तर हवा काढायचा पंप विकत घेऊ नका. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या ऑटोझोन, ओरायलीसारख्या दुकानांत तो परतीच्या अनामतीवर वापरायला मिळतो. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दुरुस्तीला बहुधा मनाई असते, त्यामुळे भाडेकरार आधी वाचा. ब्रेकचे पॅड भारतातून येणाऱ्या सासऱ्यांच्या बॅगेतून मागवायचे असतील तर भाग क्रमांक जुळवून, अधिकृत दुकानातून घ्यायला सांगा. ब्रेक ऑइलची बाटली मात्र मागवू नका. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला. काही जुन्या हार्लेंमध्ये जांभळं, सिलिकॉनचं डॉट ५ असतं. त्यात डॉट ४ मिसळायचं नाही. जुनं ऑइल गटारात न ओतता काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या.

रस्त्यातच चाक जड झालं तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास थंड होऊ द्या. ब्रेक सुटलाच तर हळू चालवत जवळच्या सुरक्षित जागी न्या. सुटला नाही, किंवा लगेच पुन्हा धरू लागला, तर टो बोलवा. दीड-दोनशे डॉलर टोचून जातात, पण हायवेवर मागचं चाक जागीच बसलं तर गाडी सावरणं कठीण. साध्या एएए योजनेत दुचाकी धरलेली असेलच असं नाही. कार्ड आजच तपासा.

हे सगळं टाळायचा स्वस्त मार्ग म्हणजे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि आत गंजही तोच ओलावा चढवतो. २०१८ मध्ये हार्ले-डेव्हिडसनला एबीएस असलेल्या २००८ ते २०११ च्या सुमारे पावणेदोन लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या ऑइल वर्षानुवर्षं न बदलल्याने आत साचणाऱ्या थरामुळेच. दुकानात करून घेतलं तरी हे काम दीडशे डॉलरच्या आत होतं. नवा कॅलिपर बसवायच्या पैशांत ते चार वेळा, म्हणजे आठ वर्षं होतं.